कासाच्या डोणीतलं पाणी

माझ्या बहिणीचा नवरा कासा हा असा माणूस, की नदी कुठल्या बाजूला आहे हे कुणी सांगितलं तर आधी स्वतः जाऊन खात्री करून येणार, आणि सांगणारी बाई असली तर मुळी जाणारच नाही. तीस वर्षं मी त्याला ओळखते. त्यातली निम्मी तरी त्याच्यावर दातओठ खाण्यात गेली.

पेर-वाजेत गावात, देवळामागं, नदीच्या फाट्याला लागून तावांचा कारखाना आहे. दलदलीतून पपायरसच्या मोळ्या येतात. देठाची हिरवी साल आम्ही बायका सोलतो. त्या सालीच्या चपला, दोर, टोपल्या होतात आणि ते काम माझं. आतला पांढरा गर पुरुषांकडं जातो. ते त्याच्या पातळ पट्ट्या काढतात, दगडी डोणीत काही दिवस भिजत घालतात, मग फळीवर पट्टीला पट्टी चिकटून एक थर उभा मांडतात, त्यावर एक थर आडवा, आणि मोगरीनं ठोकून दगडाखाली दाबून ठेवतात. गरातल्या चिकानंच दोन्ही थर एकमेकांना धरतात. वाळला की शंखानं घोटायचा, झाला ताव. असे वीस ताव खळ लावून जोडले की एक गुंडाळी. ऐकायला सोपं वाटतं. पण मी चपला विणता विणता सगळं आयुष्य हेच बघितलंय. दहातले सहा ताव तपकिरी निघतात, दोन फाटतात आणि उरलेल्या दोनांकडं बघून मुकादम नाक मुरडतो.

कासाचे मात्र दहाच्या दहा पांढरे निघायचे. देवळातले कारकून आपसात भांडायचे, 'मला कासाचं पांढरं पाहिजे' म्हणून. बोरू त्यावर अडखळत नाही, शाई फुटत नाही, म्हणायचे. आणि हा गृहस्थ हात पुढं करून म्हणायचा, "हे या बोटांत आहे. बोटं काय कुणाला देता येत नाहीत."

तो मूळचा कापणाऱ्यांच्या घरातला. बाप कमरेइतक्या पाण्यात उभा राहून पपायरस उपटायचा. एकदा मोळी पाण्यावर तरंगत आली, बाप आला नाही. कासा तेव्हा काठावर बसून मोळ्या मोजत होता. मगर त्याला दिसली नाही, पाणी तेवढं लाल झालेलं दिसलं. त्यानंतर तो कधी पाण्यात उतरला नाही. हे तो कुणाजवळ बोलायचा नाही. कारखान्यात आला तेव्हा 'मला कोरडं काम द्या' एवढंच म्हणाला. हात सरळ होता, नजर तीक्ष्ण होती. त्यानं काढलेली पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची असायची, हे मी त्याच्यावर कितीही चिडले तरी नाकारणार नाही. पंचविसाव्या वर्षी त्याला स्वतःची फळी मिळाली, अंगणात स्वतःची डोण मिळाली, आणि त्याच वर्षी माझी थोरली बहीण वाबेत त्याच्या घरी नांदायला गेली. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळं तिच्या संसारातलं भांडं पडलं तरी मला ऐकू यायचं.

डोण भरायला चौदा घागरी पाणी लागायचं. ते आणायचं काम वाबेतचं, हे कुणी ठरवलं नाही, ठरलं आपोआप. आणि एकदा भरलं की कासा ते पाणी महिना महिना बदलू द्यायचा नाही. कमी झालं तर वरून दोन घागरी ओतायच्या. त्याचं म्हणणं असं, की गरातला चीक पाण्यात उतरतो, पाणी मुरतं, आणि मुरलेल्या पाण्यानं ताव जास्त घट्ट बसतो. "ते पाणी फेकणं म्हणजे चीक फेकणं. बीअरच्या रांजणाचा गाळ कुणी फेकतं का?" असं तो नव्या लोकांना शिकवायचा. मला तर वाटतं, नदीवर जायला नको म्हणून त्यानं हे शास्त्र स्वतःच रचलं आणि पुढं त्यालाच ते खरं वाटायला लागलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाबेतला त्या पाण्याचा वास सहन होईना. कासा कारखान्यात गेल्यावर तिनं डोण उपडी केली, धुतली, ताजं पाणी भरलं. त्या खेपेचे ताव बगळ्याच्या पिसासारखे निघाले. कासा ताव उन्हाकडं धरून म्हणाला, "बघितलंस? यंदा पट्टी पातळ काढली ना मी." वाबेत माझ्याकडं बघून हसली.

तेव्हापासून रोज पहाटे, तो उठायच्या आत, डोणीतलं पाणी ओतायचं आणि चौदा घागरी नवं भरायचं. मी सोबतीला. शेवटची खेप घेऊन आम्ही परत यायचो तेव्हा तिचा दादला उठून दारात बसलेला, चुलीवर भाकरी नाही, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "झाल्या का गावगप्पा? नदीवर बायकांचा दरबार भरतो वाटतं रोज?" ती ओलं लुगडं पिळत म्हणायची, "हो, भरतो." झालं, संपलं. रोज तेच. 'गप्पाडी' हे नाव त्यानं तिला पाडलं होतं आणि शेजारपाजारचेही तेच म्हणायला लागले होते.

मी तिला म्हणायचे, "अगं, तोंड आहे ना तुला? सांग ना त्याला!"

"सांगितलं तर म्हणेल, उद्यापासून मीच आणतो."

"मग आणू दे की!"

"म्हणेल गं तो. मानी आहे, म्हणणारच. मग घागर घेऊन काठावर उभा राहील आणि थरथर कापेल, सगळ्या गावासमोर. राहू दे. मला गप्पाडी म्हटल्यानं माझं काय झिजतंय? आणि तूही बोलायचं नाहीस."

बावीस वर्षं मी बोलले नाही. माझ्यासारखीनं बावीस वर्षं गप्प बसणं म्हणजे काय, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

गेल्या पुराच्या वेळी ताप आला आणि सहा दिवसांत वाबेत गेली. गेलेली माणसं पश्चिमेला नांदतात, म्हणून पश्चिमेच्या वाळूच्या टेकाडावर तिला ठेवलं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मागं कासा एकटा आणि भिंतीपलीकडं मी.

दीड महिन्यात ताव तपकिरी पडायला लागले. आधी कडेला, मग मधोमध, मग सगळा ताव भाजलेल्या कांद्याच्या रंगाचा. कासानं पातं बदललं. मोगरी बदलली. कापणाऱ्यांना शिव्या दिल्या, की तुम्ही जुनाट देठ आणता. उन्हाला शिव्या दिल्या. डोणीकडं मात्र त्यानं बघितलं नाही, कारण डोणीत तर झकास मुरलेलं पाणी होतं, वरून बुडबुडे येत होते. वास एवढा, की मी माझ्या घरात नाकाला पदर लावून जेवत होते.

मुकादमानं चार महिने दम धरला. मग एके दिवशी सगळ्यांसमोर ताव फडकावून म्हणाला, "कासा, हा ताव आहे की चटई? या महिन्यात मला एक पांढरी गुंडाळी दे. एक! नाहीतर फळी रिकामी कर आणि दोर वळायला बस. दोर तपकिरी असला तरी चालतो."

लोक हसले. बावीस वर्षं ज्याच्या तावासाठी भांडणं झाली, त्याला म्हातारपणी बैल बांधायचे दोर वळायला बसवणार. कासा घरी आला तो भिंतीकडं तोंड करून निजला. मला राग आणि कीव दोन्ही एकदम आलं. वाबेतला दिलेला शब्द मी निम्मा मोडायचं ठरवलं. पाण्याचं सांगायचं, त्याच्या भीतीचं नाही.

सकाळी गेले. "दाजी, एक सांगू? रागावू नका."

"रागावणार नाही. बोल."

"डोणीतलं पाणी खराब झालंय. वाबेत रोज बदलायची ते."

"कोण, वाबेत?" तो चक्क हसला. "ती तर गप्पा मारायला जायची. बावीस वर्षं माझी भाकरी उशिरा झालीय, मला सांगतेस?"

"अहो, मी होते ना सोबत! चौदा घागरी रोज..."

"तामेकेत, तुझ्या चपला चांगल्या असतात. बायका कौतुक करतात. तू चपला वीण."

दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा म्हणाला, "चीक फेकून द्यायला सांगतेस तू मला? आणि ताव कशानं धरायचा, थुंकीनं?" तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा पाठ फिरवून पातं घासायला बसला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की मी त्या दिवशी दोन्ही चपला डाव्या पायाच्या विणल्या.

चार दिवसांनी तोच माझ्या दारात. डोळे तांबारलेले. म्हणाला, "कळलं मला. वाबेत रागावलीय. ती गेली आणि ताव बिघडले, दुसरं काय कारण असणार? तिला पत्र लिहितो. विचारतो काय चुकलं ते. ती स्वप्नात येऊन सांगेल."

आता, गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं आमच्याकडं काही नवलाचं नाही. लोक वाडग्याच्या आत लिहितात, त्यात भाकरी ठेवतात, म्हणजे खाता खाता वाचून होतं. माझा आक्षेप पत्राला नव्हता. समोर धडधडीत जिवंत बाई उभी राहून उत्तर देत होती, तर तिला सोडून हा पश्चिमेला विचारायला निघाला होता.

"अहो, मी सांगितलं ना काय चुकलं ते!"

"तू सांगतेस ते वेगळं गं. तिला विचारायला हवं." आणि वर म्हणतो, "वाडग्यावर नाही लिहिणार. तावाचा कारागीर मी, मडक्यावर लिहू?"

देवळाच्या पायरीशी पेनबुई नावाचा लेखनिक बसतो. तो लिहिण्याच्या बदल्यात काय मागणार, तर चपला. म्हणजे बायकोला पत्र कासाचं आणि पेनबुईच्या पायाचं माप घ्यायला वाकायचं मी. टाचांना भेगा ह्या एवढाल्या. वाकले बापडी.

कासानं मुकादमानं नाकारलेला एक तपकिरी ताव मागून आणला होता. पेनबुईनं तो बघून भुवई वर केली, बोरूचं टोक चावलं, शाई ओली केली. "बोल."

"लिहा," कासा म्हणाला, "अगं वाबेत, हे काय चालवलंयस?"

पेनबुईनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "'पश्चिमेत सुखानं नांदणाऱ्या, सुवासिक, आदरणीय वाबेत हिला तिच्या एकनिष्ठ पतीचा निरोप.'"

"असं नाही म्हणालो मी."

"असंच म्हणतात. पुढं."

"माझे ताव का नासवतेस? काय घोडं मारलं मी तुझं?"

"'तुझ्या हृदयात माझ्याविषयी किल्मिष का यावं? मी तुझ्याविरुद्ध कोणता अपराध केला?'" पेनबुई न थांबता पुढं लिहीतच राहिला आणि वाचत राहिला, "'मी तुला अन्नवस्त्रावाचून ठेवलं नाही. मी दुसऱ्या घरी गेलो नाही. तू जिवंत असेतो मी तुला कधी उणा शब्द बोललो नाही.'"

मी म्हणाले, "थांबा! हे शेवटचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हे घालावंच लागतं बाई. त्याशिवाय पत्राला वजन येत नाही."

"अहो पण खोटं आहे ते! रोज सकाळी, रोज, न चुकता..."

"तामेकेत!" कासा माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचं आश्चर्य होतं. "मी तिला काय बोललो कधी? हात तरी उगारला का?"

त्याला आठवतच नव्हतं. रोजच्या रोज बोललेलं माणसाच्या लक्षात राहत नसावं. "घाला," तो पेनबुईला म्हणाला, "खरंच आहे ते." पेनबुईनं शाई फुंकून वाळवली, ताव घडी करून दोऱ्यानं बांधला, मातीचा शिक्का मारला. आम्ही टेकाडावर जाऊन वाबेतच्या उशाशी वाळूत तो पुरला, वर भाकरी आणि खारवलेला मासा ठेवला. कासा परत येताना अगदी हलका होऊन चालत होता. मी मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, ते दुःखाचं की संतापाचं ते माझं मलाच कळत नव्हतं.

मग स्वप्नाची वाट बघणं सुरू झालं. कासा सूर्य मावळताच निजायचा. स्वप्न पडेना. कुणीतरी सांगितलं म्हणून कांदा सोडला. स्वप्न पडेना. मग दुपारचाही निजायला लागला, फळीच्या सावलीत, मोगरी उशाला घेऊन, आणि इकडं महिन्यातले दिवस चाललेले. उरले बारा. मुकादमानं त्याच्या फळीवर बसवायला दुसरा माणूस बघून ठेवलाय, असं माझ्या कानावर आलं.

मी शेवटचं म्हणून विचारलं, "दाजी, नुसतं करून तर बघा. एकदा पाणी बदला. मी आणते घागरी."

"आणि तिनं वेगळंच काही सांगितलं तर? असलेला चीकही जायचा. थांब जरा. येईल ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, "दाजी, वाबेत आली होती माझ्या स्वप्नात."

हे मी ठरवून गेले नव्हते. ठरवून गेले होते ते भांडायला. पण तो दारात बसला होता, चूल थंड होती, रात्रभर जागून डोळे सुजले होते. तोंडातून ते निघून गेलं आणि मग मागं घेता येईना.

तो ताडकन उठला. "तुझ्या? तुझ्या का?"

"मला काय माहीत! भिंतीला भिंत आहे, चुकली असेल."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, डोणीतलं पाणी रोज बदला. म्हणाली, पाणी मुरवायचं नसतं, चीक पट्टीतच राहतो."

मी वाट बघत होते, की आता हा म्हणेल, तूच तर परवा हे सांगत होतीस. त्याच्या डोक्यात तसं काही आलंच नाही. तो डोणीकडं धावला, वाकला, वास घेतला, तोंड फिरवलं. "शी! हे पाणी? आणि मी यात पट्ट्या घालत होतो? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

देवी वाजेत साक्ष आहे, त्या वेळी त्याला डोणीत बुडवावंसं वाटलं मला.

मी घागर उचलली. तो म्हणाला, "ठेव ती. मी आणतो. मला सांगितलंय तिनं." वाबेतनं ओळखलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं निघालं. तो घागर घेऊन काठापर्यंत गेला आणि तिथं त्याचे पाय रुतल्यासारखे थांबले. बायका धुणं धूत होत्या, बघत होत्या. तो घागर पोटाशी गच्च धरून कापत होता. मी जवळ जाऊन त्याच्या पुढं पाण्यात उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "दाजी, माझी पाठ दुखतेय, मी भरून देते, तुम्ही वाहून न्या, बाईमाणसाला ओझं झेपत नाही." बायका आपल्या कामाला लागल्या. मी चौदा घागरी भरल्या, त्यानं चौदा वाहिल्या. पुढचे सगळे दिवस आमचं हेच चाललं.

सहाव्या दिवशी पट्ट्या बाहेर काढल्या. थर मांडले, ठोकले, दाबले. पहिला ताव वाळून हातात आला तेव्हा कासानं तो उन्हाकडं धरला आणि बराच वेळ खाली केला नाही. पांढरा. महिना संपायला एक दिवस असताना वीस तावांची गुंडाळी मुकादमाच्या पुढ्यात पडली. जोडही तसेच सुबक. मुकादमानं ती उलगडली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "बोटं शाबूत आहेत म्हणायची तुझी."

"बोटांचं नाही हे," कासा म्हणाला. "माझ्या बायकोनं सांगितलं."

आणि मग त्यानं ती गोष्ट सगळ्या कारखान्याला सांगितली. डोणीवाल्यांना, मोगरीवाल्यांना, खळ लावणाऱ्यांना. वाबेत म्हणाली पाणी बदला. वाबेतला तावातलं फार कळायचं. बायको असावी तर अशी. लोक माना डोलवत होते, आपापल्या डोणी उपड्या करत होते. मी कोपऱ्यात चपला विणत ऐकत होते. जिवंतपणी जिला गप्पाडी म्हटलं, तिचं नाव आता सगळ्यांच्या तोंडी होतं, ही गोष्ट चांगलीच झाली. पण मी तीनदा सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं ते वाटलंच. ते लपवण्याइतकी मोठ्या मनाची मी नाही.

त्यानंतर दहाएक दिवसांनी पहाटे चौदावी घागर ओतून कासा डोणीच्या कठड्यावर बसला. मी माझ्या घराकडं निघाले होते. त्यानं हाक मारली.

"तामेकेत, तू म्हणाली होतीस ना, ती रोज बदलायची?"

"म्हणाले होते. तीनदा म्हणाले होते."

"रोज? चौदा?"

"रोज चौदा."

तो हाताच्या तळव्याकडं बघत राहिला. घागरीच्या काठानं तिथं घट्टे पडायला लागले होते. "तिच्या हाताला असे घट्टे होते," तो म्हणाला. "मी तिला म्हणायचो, बायकांचे हात कसे मऊ असतात, तुझेच असे कसे? म्हणायचो मी असं." मग मूठ मिटून म्हणाला, "आणि सकाळी ती आली की मी काय म्हणायचो?"

हे ऐकायची मी बावीस वर्षं वाट बघत होते. सगळं पाठ होतं माझं, एकेक वाक्य. ते त्याच्या तोंडावर फेकायचं मी कितीदा ठरवलं होतं. त्या क्षणी एकही बाहेर येईना. मी म्हणाले, "आठवतंय ना तुम्हाला? मग झालं."

तो तसाच उठून पेनबुईकडं गेला. मी मागोमाग गेले, कारण चपला पुन्हा मलाच विणाव्या लागणार होत्या. कासा म्हणाला, "दुसरं पत्र लिहायचंय. पहिल्यात ते शेवटचं आहे ना, उणा शब्द बोललो नाही म्हणून, ते खोटं आहे. रोज बोलत होतो. तसं लिहा."

पेनबुईनं बोरू खाली ठेवला. "वेडा आहेस का? एक पत्र म्हणतं बोललो नाही, दुसरं म्हणतं बोललो. उद्या तू पश्चिमेला जाशील, खरंखोटं बघायला तुझं काळीज तराजूत पडेल, आणि दोन्ही पत्रं तिथं निघाली तर? खाली अक्षर कुणाचं? माझं! मी नाही लिहिणार."

"मग पहिलं काढून आणतो."

"गेलेल्या माणसाला दिलेलं काढतोस? नाक कापतात त्याला. चोरी म्हणतात."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. ताव पांढरे निघतायत ना? मग?"

कासानं त्याच्यापुढं हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. पेनबुई दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा कासाच्या बाजूनं भांडले. पेनबुईला म्हणाले, तुझ्या टाचा अशाच फाटत राहोत. उपयोग काही झाला नाही.

आम्ही नदीकाठानं परत आलो. त्याच्या घराशी तो थांबला. सरळ माझ्याकडं न बघता म्हणाला, "तामेकेत, माझ्या स्वप्नात ती येत नाही. तुझ्याकडं येते. बहीणच ती, येणारच. परत आली ना, तर तेवढं सांग तिला. पत्रातलं ते खोटं आहे म्हणावं. मला आता सगळं आठवतंय म्हणावं. सांगशील?"

"सांगते," मी म्हणाले.

आता रोज सकाळी घागर घेऊन येताना तो आधी माझ्या दाराकडं बघतो. तोंडानं विचारत नाही, नुसता बघतो, आणि मी 'नाही' म्हणून मान हलवते. माझी बहीण गेल्याला वर्ष होत आलं. रोज निजताना मी तिचं नाव घेते. ती माझ्या स्वप्नात अजून एकदाही आलेली नाही.